पायपाभोवतीची फट आणि लादीतली ओल: गोव्यातल्या घरात एसीची खोली नीट बंद कशी करावी

तीन पावसाळ्यांपूर्वी आम्ही साखळीच्या घरात आईच्या खोलीला एसी बसवला. घर चिऱ्याचं (म्हणजे जांभा दगडाचं), वर मंगळुरी कौलं, मधे आजोबांच्या वेळची फळ्यांची माडी. मे महिना छान गेला. जुलैत आईचं कपाट भिंतीपासून ओढलं, तर मागे कमरेपर्यंत काळी बुरशी आणि खालच्या कप्प्यातल्या साड्यांना कुबट वास. कौल फुटलं असणार म्हणून मेस्ताला वर चढवला. कौलं धड होती, वासे कोरडे होते. पाणी वरून येतच नव्हतं. ते हवेबरोबर येत होतं: एसीच्या पायपासाठी पाडलेल्या भोकातून, न्हाणीच्या नळांमागून आणि दाराखालून.

थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो, तसाच थंड केलेल्या भिंतीला सुटतो. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल (आपल्याकडे जुलैत हे रोजचंच), तर एक घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम पाणी असतं. एसी लावलेल्या २५ अंशांच्या, ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत तेच साडेअकरा ग्रॅम. म्हणजे फटीतून शिरणारा प्रत्येक घनमीटर १२-१३ ग्रॅम जादा पाणी घेऊन येतो. आणि ती बाहेरची हवा २६ अंशांच्या आसपासच पाणी सोडायला लागते. एसी २४ वर असेल तर कपाटामागची, वारा न लागणारी भिंत सहज त्याखाली जाते.

हे आधी सांगतो, कारण फटी बुजवण्याची जी माहिती शोधल्यावर सापडते ती बहुतेक थंड देशांतली आहे. तिथे आतली ऊब बाहेर जाऊ द्यायची नसते. आपल्याला बाहेरचा दमटपणा आत येऊ द्यायचा नाही. सामान बरंचसं तेच, पण ते कुठल्या बाजूला लावायचं, कुठल्या महिन्यात लावायचं आणि काय उघडं ठेवायचं, हे सगळं वेगळं. मी आधी त्या माहितीवर विसंबून ऐन पावसात काम केलं आणि पुढच्या वर्षी सगळं उकरून पुन्हा केलं. तुमची ती खेप वाचावी म्हणून हे लिहितोय.

१. खोली आणि महिना ठरवा

सगळं घर बंद करायच्या मागे लागू नका. कौलारू घर वाऱ्यावर जगतं. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते म्हणूनच सोप्यावर दुपारी बसवतं. बंद करायची ती फक्त एसीची खोली, आणि तीही चारही भिंती, छत आणि जमीन धरून. एक बाजू उघडी ठेवून बाकीच्या बुजवल्या तर हवा त्या एका बाजूने येत राहते.

काम दिवाळी ते शिगमो (आमची होळी) या दिवसांत करा, फार तर एप्रिल. चिरा पाणी धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो. पावसाळा संपला म्हणजे भिंत वाळली असं नाही. ऑक्टोबरातही आतून ओल लागते. ओल्या चिऱ्यावर कुठलंही सीलंट (फट बुजवायचा चिकट मसाला) धरत नाही. मी ऑगस्टमध्ये लावलेलं सिलिकॉन चवथीपर्यंत (गणेशचतुर्थीपर्यंत) पापुद्र्यासारखं सुटून आलं होतं. मे महिन्यात पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, खरेदीला निघाल, तेव्हा मिरच्या, सोलां आणि सुक्या मासळीच्या यादीत दारपट्टी आणि सिलिकॉनची एखादी नळी जादा लिहून ठेवा. पावसात काही सुटलं तर तात्पुरतं भागतं. मोठं काम मात्र तेव्हा सुरू करू नका, जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस दारात असतो.

फ्लॅट असेल तर बाहेरच्या भिंतीला हात लावण्याआधी सोसायटीचं लेखी पत्र घ्या. भाड्याचं घर असेल तर मालकाचं. एसीचं वॉरंटी कार्ड काढून ठेवा, कारण पाईप हलवायची वेळ आली तर ते काम कंपनीच्याच माणसाकडून करून घ्यावं लागेल. नळ आणि वायर भिंतीत कुठून गेल्यात त्याचे बांधकामावेळचे फोटो कुणाकडे असतील तर मिळवा.

२. जे बुजवायचं नाही ते खडूने खूण करून ठेवा

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, पण यात चूक झाली तर जीवावर बेतते. म्हणून सामान आणण्याआधी हे करा.

सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो जमिनीलगत साचतो. म्हणून स्वयंपाकघरात जमिनीजवळ असलेली जाळी, दाराखालची फट, ओट्याखालच्या कपाटाची भोकं बुजवू नका. पायपाने येणारा गॅस हलका असतो, तो वर चढतो. तिथे वरची झडप उघडी हवी. गॅसची रबरी नळी भिंतीतल्या भोकातून नेऊन भोवती मसाला भरलेला मी एका घरात पाहिला. असं कधीही करू नका. नळी टोकापासून टोकापर्यंत डोळ्यांना दिसली पाहिजे, नाहीतर तडा गेलेला कळत नाही.

न्हाणीत गॅस गिझर असेल तर हे सगळं काम थांबवा आणि आधी तो बाहेर मोकळ्या जागेत हलवून घ्या. बंद जागेत जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि अंघोळीला गेलेला माणूस ओरडायच्या आत बेशुद्ध होतो. आज तुमच्या न्हाणीतल्या फटीच कुणाला वाचवत असतील, आणि त्याच तुम्ही बुजवाल. चुलीची खोली, धूर जायची धुराडी, इन्व्हर्टरच्या बॅटरीची जागा यांनाही हात लावू नका.

याशिवाय टाकीचा ओव्हरफ्लो, बाहेरच्या संरक्षक भिंतीतल्या पाणी झिरपायच्या नळ्या, आणि जुन्या घरात लाकडी जमिनीखाली जोत्यात ठेवलेल्या जाळ्या. या जाळ्या बंद केल्या की खालची लाकडं कुजतात.

३. सामान

हार्डवेअरच्या दुकानात बहुतेक सगळं मिळतं. एसीच्या पायपावर आवरण म्हणून घालायची नायट्राईल रबराची काळी नळी आणि तिची चिकटपट्टी तेवढी एसी दुरुस्तीवाल्याकडून आणावी लागते.

- न्यूट्रल सिलिकॉन आणि त्याची गन. नळीवर न्यूट्रल असं लिहिलेलं पाहूनच घ्या. स्वस्त सिलिकॉन बहुधा व्हिनेगरसारखा वास मारतं. ते आम्लयुक्त असतं, तांब्याच्या पायपाला खातं आणि सिमेंटवर नीट धरत नाही.
- ॲक्रिलिक सीलंट, जिथे वरून रंग द्यायचा आहे तिथे. सिलिकॉनवर रंग बसत नाही.
- पीयू फोमचा (फवारल्यावर फुगून फट भरणाऱ्या फेसाचा) एक डबा, हातमोजे आणि चष्मा. हा फोम कातडीवरून कित्येक दिवस निघत नाही.
- फोमची गोल दोरी, वेगवेगळ्या जाडीची. दुकानदार हिला बॅकर रॉड म्हणतो.
- स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी किंवा स्टीलची लोकर. साधी लोखंडी घेऊ नका, एका पावसात गंजून भिंतीवर तांबडे ओघळ उतरतात.
- पीव्हीसी पायपाचा तुकडा, भिंतीच्या जाडीपेक्षा थोडा लांब.
- चुना आणि वाळू, चिऱ्याच्या भिंतीसाठी.
- न वाळणारी पुट्टी, एसीवाले वापरतात ती.
- तारेचा ब्रश, करवत, बॅटरी, अगरबत्ती, आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. हे घड्याळ टाळू नका. त्याशिवाय काम झालं की नाही हे अंदाजानेच ठरवत बसाल.

४. फटी शोधा

रात्री खोलीत दिवा लावा, बाकी घरात अंधार करा आणि बाहेरून पाहा. मग उलट करा. मोठ्या फटी लगेच दिसतात. बारीक फटींसाठी खोलीची दारं-खिडक्या लावून घ्या, खोलीला जोडून न्हाणी असेल तर तिचं दार उघडं ठेवून तिथला एक्झॉस्ट पंखा सुरू करा. पंखा हवा बाहेर ओढतो, मग बाहेरची हवा मिळेल त्या फटीतून आत येते. पेटती अगरबत्ती भिंतीपासून दोन बोटांवर धरून सावकाश फिरवा. धूर जिथे आत वाकतो तिथे खडूने फुली मारा. सीलिंग फॅन बंद असू द्या. सिलिंडर खोलीत किंवा जवळ असेल तर अगरबत्तीऐवजी टिश्यू पेपरची पट्टी वापरा.

आईच्या खोलीत माझ्या चौदा फुल्या झाल्या. त्यातल्या चार मला अजिबात अपेक्षित नव्हत्या: एसीच्या स्विचचा डबा, माडीच्या तुळया भिंतीत शिरतात त्या जागा (दोन), आणि भिंतीतल्या जुन्या कोनाड्याची मागची बाजू. स्विचच्या डब्यात वायरच्या नळीतून कौलाखालची हवा थेट उतरत होती. ते काम इलेक्ट्रिशियनकडून मेन बंद करूनच करून घ्या. नळीच्या तोंडाशी आग न धरणारी पुट्टी दाबली की झालं.

फुल्या मारताना मातीच्या बारीक रेघा भिंतीवर किंवा चौकटीवर दिसल्या तर ती वाळवी आहे. तिच्यावरून सीलंट फिरवू नका. मी एका ठिकाणी फिरवलं. वाळवी फोममधूनच रस्ता करून चौकटीत शिरली, आणि वरून सगळं स्वच्छ दिसत असल्यामुळे वर्षभर कळलं नाही. आधी वाळवीचा इलाज, मग फट.

५. एसीच्या पायपाचं भोक

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एसी बसवणारी मंडळी अडीच-तीन इंचांचं भोक पाडतात, त्यातून तांब्याच्या दोन नळ्या, वायर आणि पाण्याची नळी काढतात आणि उरलेल्या जागेत पांढऱ्या सिमेंटचा थर फासून निघून जातात. आमच्याकडे त्या थरामागे वर्तमानपत्राचे बोळे निघाले, भिजून लगदा झालेले.

चिऱ्यात ही गोष्ट आणखी बिघडते. चिरा भुसभुशीत, ड्रिल फिरलं की कडा ढासळतात. खोलीच्या बाजूने तीन इंच दिसणारं भोक भिंतीच्या पोटात पाच इंच असतं. जुन्या भिंतींचे सांधे मातीचे असतात, त्यांत पोकळ्या असतात. मग एका तोंडाला भरलेला फोम हवेला थांबवत नाही, ती भिंतीच्या पोटातून फिरून दुसरीकडे बाहेर पडते. म्हणून भोकाला पूर्ण लांबीचं अस्तर हवं.

एसी मेनपासून बंद करा. जुना मसाला हाताने काढा, छिन्नी मारू नका; तांब्याची नळी पातळ असते, एक टोचा लागला तर गॅस गेला. मग बॅटरी मारून काळं रबरी आवरण बघा. ते भिंतीच्या आत कुठे फाटलंय, दाबलंय, किंवा जागा पुरेना म्हणून कापूनच टाकलंय का? उघडी थंड नळी भिंतीच्या आत घाम सोडत राहते आणि बाहेरून कितीही बुजवलं तरी भिंत ओली होते. फाटलेल्या जागी त्याच रबराची पट्टी दोन वेढे घालून गुंडाळा.

आता पीव्हीसीचा तुकडा करवतीने उभा चिरा, फाकवून पायपांवर चढवा आणि भोकात सरकवा. पाईप सोडवायची गरज पडत नाही. ही युक्ती मला आमच्या प्लंबरने दाखवली. तुकड्याचा उतार बाहेरच्या बाजूला असला पाहिजे, बोटभर तरी. भोकच आतल्या बाजूला उतरतं असेल तर ते सरळ करून घ्या, नाहीतर पश्चिमेचा पाऊस आत उतरेल. तुकडा आणि चिरा यांमधल्या जागेत चुना-वाळूचा मसाला भरा. चिऱ्याला सिमेंटपेक्षा चुना मानवतो, भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडू शकते. मसाला निदान आठवडाभर वाळू द्या.

अस्तराच्या आतली जागा बाहेरून आत अशी भरा. बाहेरच्या तोंडाशी स्टीलची जाळी, उंदरांसाठी. उंदराच्या पिलाला पेन्सिल जाईल एवढी जागा पुरते, आणि फोम तो कुरतडून काढतो. मधे पीयू फोम, पण जागेच्या निम्म्याहून कमी. तो फुगून दोन-तीनपट होतो. जास्त भरला तर पाण्याची नळी चेपते आणि पाणी एसीतून खोलीत गळतं. फोमआधी आत पाण्याचा हलका फवारा मारा, त्याला वाळायला ओलावा लागतो. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंनी थोडा कोरून काढा आणि आतल्या तोंडाशी न वाळणारी पुट्टी घट्ट दाबा. आतली बाजू हवाबंद होणं सगळ्यात महत्त्वाचं. पुट्टी यासाठी, की उद्या एसी काढायचा झाला तर ती सहज निघते. बाहेरच्या तोंडाला न्यूट्रल सिलिकॉन. बाहेर फोम उघडा राहू देऊ नका, उन्हाने तो पिवळा पडून पीठ होतो.

बाहेर पाईप भिंतीत शिरण्याआधी थोडा खाली झोका घेऊन वर आलेला असावा. पावसाचं पाणी पायपावरून ओघळत त्या झोक्याच्या तळाशी येऊन टपकतं, भोकापर्यंत पोचत नाही. शेवटी एसीच्या पाण्याच्या नळीत तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर मोकळेपणी पडतंय ना, ते बघा. हे न बघता शिडी ठेवून देऊ नका.

६. न्हाणी आणि सिंक

नळाच्या मुळाशी जी चकचकीत चकती असते तिच्यामागे भोक उघडंच असतं. चकती मागे सरकवा, भोकात फोमची दोरी घाला, वरून सिलिकॉन, चकती परत दाबा. चकतीच्या कडेने सिलिकॉन फिरवताना खालचं बोटभर मोकळं सोडा. आत कधी गळती झाली तर पाणी तिथून दिसेल. पूर्ण बंद केलंत तर ते भिंतीत मुरेल आणि पलीकडच्या खोलीत फुगारा येईल.

गरम पाण्याचा सीपीव्हीसी पाईप तापला की लांबतो. त्याच्याभोवती सिमेंट गच्च भरू नका, हलायला जागा देणारं सीलंट वापरा. काही सीलंटमधली द्रव्यं सीपीव्हीसीला तडे पाडतात, म्हणून नळीवर त्या प्लास्टिकला चालेल असं लिहिलेलं असेल तरच घ्या.

सिंकची लवचिक नळी जमिनीतल्या मोठ्या पायपात नुसती खोचलेली असते. भोवतीच्या फटीतून झुरळं, वास आणि गटारातली दमट हवा येते. योग्य मापाचं रबरी बूच दहा मिनिटांत बसतं.

आणि नाहाणी ट्रॅप. प्लंबरपासून सरकारी कागदपत्रांपर्यंत सगळेच जमिनीतल्या जाळीखालच्या या भांड्याला नाहाणी म्हणतात, आपल्याच न्हाणीवरून आलेला शब्द. त्यात उभं राहिलेलं दोन इंच पाणी हेच त्याचं झाकण असतं. पाहुण्यांची न्हाणी महिनाभर वापरली नाही की ते पाणी उडून जातं आणि झाकण उघडतं. आठवड्याला एक तांब्या पाणी ओता. मुंबईला किंवा गावाला जास्त दिवस जाणार असाल तर वरून चमचाभर तेल घाला, पाणी उडायला वेळ लागतो.

७. जमीन

जूनमध्ये लादी ओली होते तेव्हा लोक लगेच जोत्यातून पाणी चढतंय म्हणतात. तसंच असेल असं नाही. दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने लादीवर डकवा आणि एक दिवस ठेवा. प्लास्टिकच्या खाली पाणी दिसलं तर ओल जमिनीतून येतेय. तिथे फटी बुजवून काही साधणार नाही, जोत्याचं आणि घराभोवतीच्या पाण्याचं काम करावं लागेल. पाणी प्लास्टिकच्या वर जमलं तर ते हवेतलं आहे, आणि तिथे हा लेख कामाचा. पैसे खर्च करण्याआधी ही चाचणी कराच. आमच्या शेजाऱ्यांनी ती न करता सगळी लादी उखडली होती.

भिंत आणि लादी यांमधली फट साफ करा, तारेचा ब्रश फिरवा, धूळ फुंकून काढा. फट करंगळीच्या निम्म्यापेक्षा रुंद असेल तर आधी दोरी दाबा. सीलंटची खोली फटीच्या रुंदीच्या निम्मी पुरते. ते दोन्ही कडांना चिकटावं, तळाला नाही. तळाला चिकटलं तर भिंत आणि लादी थोडी हलली की मधून फाटतं. ओल्या बोटाने एकदाच दाबून सरळ रेघ ओढा, पुन्हा पुन्हा चाळवू नका.

माडीच्या फळ्यांचं गणित वेगळं. लाकूड मे महिन्यात आकसतं, जुलैत फुगतं. मे महिन्यातल्या मोठ्या फटी पाहून त्यांत कडक पुट्टी किंवा लाकडाच्या चिपा ठोकल्या तर जुलैत फळ्या उचलतात. तिथे दबणारी फोमची दोरी घालायची आणि वर नरम सीलंट. आम्ही माडीवरून काम केलं, म्हणजे खालच्या खोलीतल्या छताचं लाकूड जसंच्या तसं राहिलं.

आता दार. एक सेंटिमीटर फट आणि ९० सेंटिमीटर रुंद दार म्हणजे ९० चौरस सेंटिमीटरचं भोक. एसीचं तीन इंची भोक भरतं ४५ चौरस सेंटिमीटर. म्हणजे ज्या भोकावर तुम्ही दोन दिवस घालवले त्याच्या दुप्पट भोक दाराखाली रोज उघडं असतं. जुन्या घरांत उंबरठा असतो, तो हे काम आपोआप करतो. नव्या फ्लॅटमध्ये आतल्या दारांना उंबरठा घालतच नाहीत. ग्रॅनाईटची पट्टी बसवून घेता येते. आईच्या गुडघ्यांमुळे आम्ही ती टाळली आणि दाराच्या तळाला ब्रशची पट्टी लावली. पट्टीचं माप जुलैत घ्या, दार फुगलेलं असताना. मे महिन्यात घट्ट बसवलेली पट्टी पावसात दार अडवते, आणि रात्री दार अडणं म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत धोक्याचं. न्हाणीचं दार उष्णता-ओलीच्या बाजूचं आहे हे विसरू नका. खोलीला जोडून न्हाणी असेल तर त्याही दाराला पट्टी हवी.

८. छत, आणि त्यानंतरच इन्सुलेशन

बरेच जण आधी फॉल्स सीलिंगवर इन्सुलेशन म्हणून ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर) टाकतात आणि मग फटींकडे वळतात. ग्लासवूल उष्णता अडवतं, हवा अडवत नाही. दमट हवा त्यातून आरपार जाते, खालच्या थंड पत्र्याला किंवा जिप्समला लागून पाणी सोडते आणि ते ग्लासवूल ओलं होऊन बसतं. त्यामुळे छतातल्या दिव्यांची भोकं, पंख्याच्या दांड्याची जागा, भिंतीलगतची कड हे सगळं आधी बंद करा. दिव्याच्या पाठीमागे हवा खेळती लागते, तिथे फोम भरू नका. तापून पेट घेऊ शकतो. कड बंद होणारे दिवे घ्या.

ओल अडवणारा चकाकता कागद किंवा प्लास्टिक कुठल्या बाजूला, यावरून कारागिरांशी वाद होतो. आपल्याकडे ते वरच्या, गरम बाजूला हवं, म्हणजे कौलांच्या अंगाला. थंड देशांतली चित्रं बघून ते खोलीच्या बाजूला लावलं तर पाणी इन्सुलेशनमध्येच अडकतं. चकाकत्या बाजूसमोर दोन-तीन इंच मोकळी जागा सोडा, चिकटवून टाकली तर ती ऊन परतवत नाही. कौलं आणि छत यांमधली पोकळी मात्र वाहती राहू द्या, तिथल्या फटी बुजवू नका.

९. पहिला पाऊस पडल्यावर

आर्द्रतेचं घड्याळ कपाटामागे ठेवा, खोलीच्या मधे नाही. एसी दोन तास चालल्यावर तिथे ६० टक्के किंवा कमी दिसलं तर काम झालं. ७० च्या वर अडकलं तर पुन्हा अगरबत्ती घेऊन फिरा. आमच्याकडे पहिल्या तपासणीत कोनाड्याची मागची बाजू राहून गेलेली सापडली.

एसी १८ वर ठेवू नका. २४-२६ वर भिंती कमी गार होतात, घामही कमी सुटतो. २०२० पासून नव्या एसींवर सुरुवातीचं तापमान २४ च असतं, तिथेच राहू द्या.

खोली इतकी बंद झाली की तिला ताजी हवा तुम्हालाच द्यावी लागते. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही. दोन माणसं रात्रभर झोपली की सकाळी डोकं जड होतं. एसी बंद केल्यावर सकाळी खिडक्या उघडा, पावसाचा जोर असेल तर दहा-पंधरा मिनिटं पुरे. ओले कपडे त्या खोलीत वाळत घालू नका. ओल्या कपड्यांची एक बालदी म्हणजे लिटर-दोन लिटर पाणी हवेत.

भिंतीवरची जुनी बुरशी पुसण्याआधी मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा, कोरडं झाडू नका. भिंत पूर्ण वाळल्यावर चुन्याचा हात द्या. प्लास्टिकसारखा पापुद्रा धरणारा रंग चिऱ्याच्या भिंतीला आतून लावू नका. आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवा. आईचं अजून तिथेच आहे. गेल्या चवथीला तिने खालच्या कप्प्यातली साडी काढली, वास घेतला, आणि नेसली.